सहा अँपिअरची हरकत

चैत्र वद्य चतुर्थीच्या सकाळी आमच्या घरातील सहा अँपिअरच्या एमसीबीने स्वतःच्या बदलीस लेखी हरकत घेतली. हरकत चतकोर कागदावर, बारीक पण वळणदार अक्षरांत लिहिलेली होती आणि मेन बोर्डाच्या झाकणातून अर्धी बाहेर दिसेल अशी ठेवलेली होती. मजकूर एवढाच होता : ‘माझ्या जागी वीस अँपिअरचा इसम नेमण्याचे ठरल्याचे समजते. माझ्यामागील तार एक चौरस मिलिमीटरची आहे. सबब हरकत.’ खाली तारीख होती व सही होती.

‘सबब’ हा शब्द हल्ली फारसे कोणी वापरत नाही. मी हरकत दाखल करून घेतली.

एमसीबी सर्वांच्या घरी असतात, परंतु त्यांची ओळख थोड्यांनाच असते. मेन बोर्डावर ओळीने बसवलेल्या, अंगठ्याएवढा खटका असलेल्या त्या पांढऱ्या डब्या. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह जाऊ लागला की खटका आपोआप खाली येतो आणि घराच्या तेवढ्या भागातील वीज बंद होते. लोक म्हणतात, ‘पडला.’ मग घरातील जाणते माणूस उठते, खटका वर करते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. आमच्या घरातील जाणते माणूस मी आहे.

बदलीचे कारण असे. गेल्या वैशाखात माझी पत्नी प्रमिला गच्चीवर कुरडया घालता घालता कोसळली. अकोल्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नको. अठरा दिवस ती रुग्णालयात होती. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की पुढच्या उन्हाळ्यात सकाळी अकरा ते सायंकाळी पाच त्यांना गार खोलीत ठेवा, हे पुन्हा झाले तर आम्ही काही करू शकू असे वाटत नाही. म्हणून आमची मुलगी ज्योत्स्ना हिने नागपूरहून दीड टनाचा एसी पाठवला. तो झोपण्याच्या खोलीत बसवला गेला. पहिल्याच दिवशी सहा अँपिअरचा एमसीबी नऊ वेळा पडला. नऊ वेळा मी तो वर केला. खोलीचे तापमान अडतीसच्या खाली आले नाही आणि प्रमिला ओले फडके कपाळावर ठेवून पडून राहिली.

आमचे वायरमन दिगंबर वानखडे यांनी बोर्ड उघडून पाहिला आणि उपाय सांगितला.

“नाना, याले काढून टाकू. वीसचा टाकतो. मंग पाहा, पडतच नाही.”

हे बोलणे बोर्डासमोर उभे राहून झाले होते. हरकत दुसऱ्या दिवशी आली.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत अशा प्रकरणांसाठी जुळणी समिती आहे. कोणत्या तारेमागे कोणता एमसीबी असावा हे ती ठरवते. नावामुळे बाहेरगावचे लोक कधी कधी मुलामुलींच्या पत्रिका घेऊन येतात. त्यांना पाणी देऊन परत पाठवावे लागते. समितीच्या अध्यक्षा श्रीमती बेबीताई सिरसाट या विजेच्या खात्यात एकतीस वर्षे मीटर तपासून निवृत्त झाल्या आहेत. कार्यवृत्त मी लिहितो. या प्रकरणात मी स्वतः पक्षकार होतो, तेव्हा लेखणी दुसऱ्याकडे द्यावी असे मी सुचवले. बेबीताई म्हणाल्या, “नाना, तुमच्याइतकं ऱ्हस्वदीर्घ कुणाला जमतंय? लिहा तुम्हीच.” ते खरेच असल्यामुळे मी आग्रह धरला नाही.

एमसीबीला कामाची जागा सोडता येत नाही. म्हणून सुनावणी आमच्या घरी, बोर्डाखालच्या बोळात, चार खुर्च्या मांडून झाली. बेबीताई होत्या, तज्ज्ञ म्हणून दिगंबर होते आणि मी होतो. चौथी खुर्ची प्रमिलेची होती. ती चहा करत होती.

“हरकतदारांनी आपलं म्हणणं मांडावं,” बेबीताई म्हणाल्या.

“मी सव्वीस वर्षे या जागेवर आहे,” एमसीबी म्हणाला. त्याचा आवाज लहान आणि कोरडा होता, बशीवर चमचा ठेवावा तसा. “एसी नऊ अँपिअर मागतो. मी सहापर्यंत देतो. तार फार तर अकरा सोसते, तेही थंडीत. भिंतीतल्या पाइपात, या उन्हाळ्यात, अकराचे नऊ होतात.”

“मंग नऊ तर झाले ना,” दिगंबर म्हणाले. “नऊ मांगते, नऊ झेपते. हिशोब बराबर.”

“आणि खोलीत पंखा लागला? इस्त्री लागली? नवा इसम वीस होईपर्यंत तोंड उघडणार नाही. त्याचा दोष नाही, तो वीसचाच आहे. पण तो गप्प बसेल तेवढ्यात ती जाईल.”

“कोण?”

“तार.”

दिगंबर माझ्याकडे वळले. “पाहा नाना. इथं काकूंच्या जिवाची गोष्ट चालू आहे अन् हा वायरचं रडगाणं लावून बसला.” मग बोर्डाकडे पाहून ते म्हणाले, “बापू, माणूस मोठं का वायर मोठी?”

“एसीसाठी मी नाही. दिव्यासाठी नाही. तुमच्यासाठीही नाही,” एमसीबी म्हणाला. “लोकांचा असा समज आहे. माझी नेमणूक तारेसाठी आहे. भारापेक्षा मोठा आणि तारेपेक्षा लहान, एवढीच माझ्या पदाची अट आहे. तार जळाली की भिंत जळते. भिंतीपलीकडे कोण झोपलेले असते ते तुम्हाला माहीत आहे.”

भिंतीपलीकडे आमची झोपण्याची खोली आहे.

त्यानंतर बेबीताईंनी तारेची साक्ष काढली. तारेला शब्द थोडे असतात. बेबीताईंनी चष्मा काढला, कान भिंतीला लावला आणि विचारले, “बाई, वीस अँपिअर झेपेल का तुला?”

थोड्या वेळाने त्या सरळ झाल्या. “झेपेल म्हणते.”

“पाहा,” दिगंबर म्हणाले.

“हे लिहून घेता येणार नाही नाना, खोडा,” बेबीताई म्हणाल्या. “कलम चार. तारेची स्वतःच्या क्षमतेबद्दलची साक्ष ग्राह्य नाही. एकतीस वर्षांत एकही तार मला ‘नाही झेपत’ असं म्हणाली नाही. जळालेल्यासुद्धा शेवटपर्यंत हेच म्हणत होत्या.”

मी खोडले. मग एमसीबीने एक लहानशी तक्रार मांडली. कार्यवृत्तात मी ‘दिनांक अमुक रोजी हरकतदार नऊ वेळा पडला’ असे लिहिले होते. तो शब्द वगळावा अशी त्याची विनंती होती.

“पडला म्हणजे काय? मला चक्कर आली नव्हती. परीक्षेत मी नापास झालो नव्हतो. मी माझे काम केले.”

मुद्दा भाषेचा असल्यामुळे तो माझ्याकडे आला. मी कपाटातून शब्दकोश आणला. ‘पडणे’ या धातूला त्यात पावणेदोन स्तंभ दिलेले आहेत. आजारी पडणे, पाया पडणे, उपयोगी पडणे, महाग पडणे. मी बोट फिरवत खाली आलो आणि मला हवे ते सापडले. मी उभा राहून वाचले : “मध्ये पडणे. दोहोंच्या दरम्यान जाऊन एकाचे दुसऱ्यापासून रक्षण करणे.”



“तसे लिहा,” एमसीबी म्हणाला.

मी सर्वत्र दुरुस्ती केली. हरकतदार दिनांक अमुक रोजी नऊ वेळा मध्ये पडला. मला समाधान वाटले. चार आण्यांना घेतलेल्या जुन्या मासिकांवर मी वाचायला शिकलो. शब्द नेमक्या जागी बसला की मला अजूनही ज्येष्ठात मोट चालू झाल्यासारखे वाटते.

“आता घरमालकांचं म्हणणं,” बेबीताई म्हणाल्या. “नाना, घरातल्या एकूण भाराबद्दल काय सांगाल?”

“त्याविषयी मला माहिती नाही,” मी म्हणालो. “स्वयंपाकघर, येणेजाणे, वाळवण ही सर्व व्यवस्था प्रमिलेकडे आहे. तिच्या कामात मी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही मध्ये पडलो नाही.”

हे वाक्य मी अनेकदा बोललेलो आहे. लग्नसमारंभांत तरुण मुलांना मी ते आवर्जून सांगतो. सवयीप्रमाणे मी ते उच्चारले आणि कार्यवृत्तलेखक या नात्याने लगेच लिहूनही घेतले. नुकत्याच केलेल्या दुरुस्तीच्या बरोबर खाली ते आले. शाई वाळायची होती. मी ते वाचले. पुन्हा वाचले. बेबीताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. एमसीबीचे अक्षर वळणदार असले तरी त्याला वाचता येते की नाही हे मला ठाऊक नव्हते.

प्रमिला चहा घेऊन आली. पदराने तिने मानेवरचा घाम टिपला, ट्रे ठेवला आणि परत जाऊ लागली.

“प्रमिलाताई, बसा,” बेबीताई म्हणाल्या. “एक-दोन प्रश्न आहेत. घरचा भार सांगा.”

“भार कसला? आम्ही दोघंच तर आहोत.”

“वाळवण?”

“ते आहे. पाच घरांचं. आमचं, धाकट्या दिरांचं, वन्सं वेणूताईंचं आणि त्यांच्या दोन मुलांचं. दहा किलो गहू कुरडयांचा, मग शेवया, मग सांडगे. दर वर्षीचंच आहे.”

“कुठं करता?”

“गच्चीवर. दुसरीकडं कुठं ऊन आहे?”

“आणि यंदा? गेल्या वर्षी एवढं झाल्यावर?”

प्रमिला हसली. “गेल्या वर्षी काय, जरा फिरल्यासारखं झालं. झेपेल.”

बेबीताईंनी कप खाली ठेवला. “नाना,” त्या म्हणाल्या, “हे लिहू नका.”

निकाल त्याच बैठकीत लागला. पहिले, जुन्या तारेमागे सहा अँपिअरचा इसम कायम राहील व तिच्यावर फक्त दिवे आणि पंखे राहतील. दुसरे, एसीसाठी मेन बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढावी, अर्थिंगसह, आणि तिच्यामागे वीसचा नवा इसम नेमावा. दिगंबर यांनी ते काम शुक्रवारपर्यंत करण्याचे मान्य केले. तिसरा मुद्दा बेबीताईंनी उभे राहून वाचला.

“सदर घरातील सौ. प्रमिला त्र्यंबक खुमकर यांच्यामागे एमसीबी नसल्याचं समितीला आढळलं. घरातील उपलब्ध इसमाची शनिवारपासून त्या जागी नेमणूक करण्यात येत आहे.”

उपलब्ध इसम मीच होतो.

“इश्श,” प्रमिला म्हणाली, “यांचं काय ऐकता. यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही.”

“चष्म्याचा संबंध नाही,” बेबीताई म्हणाल्या. “क्षमतेचा प्रश्न आहे. नाना, तुम्हाला किती अँपिअर हवेत?”

मी विचार केला. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि वाचन बरे आहे. “बत्तीस,” मी म्हणालो. “बत्तीस शोभेल.”

“बत्तीस म्हणजे काकू गच्चीवरून खाली पडतील तवा तुम्ही पेपरातून मान वर कराल,” दिगंबर म्हणाले.

“आजवर किती होते?” बेबीताईंनी विचारले.

याचे उत्तर प्रमिलेने दिले. “त्यांना खटकाच नव्हता हो,” ती म्हणाली. ती हे रागाने म्हणाली नाही. साखर संपली आहे, अशा स्वरात म्हणाली.

माझी नियुक्ती सहा अँपिअरवर झाली.

नियमाप्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण असते. मी रोज सकाळी बोर्डाखाली खुर्ची टाकून बसत असे. एमसीबी आता माझा ज्येष्ठ सहकारी होता, म्हणून त्याला मी काही प्रश्न विचारले. त्याने उत्तरे दिली. जास्त बोलण्याचा त्याचा स्वभाव नाही.

“मर्यादा ओलांडली हे कळते कसे?”

“आत एक पट्टी असते. ती तापते आणि वाकते.”

“माझ्या आत पट्टी असेल असे वाटत नाही.”

“असते. वापर नसल्याने कडक झाली असेल. बाईंकडे पाहत जा, सैल होईल.”

मी पाहू लागलो. त्या तीन दिवसांत मला आढळलेल्या गोष्टी मी वहीत नोंदवल्या आहेत. ती पाण्याची कळशी उचलण्यापूर्वी एकदा कळशीकडे पाहते. जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबते आणि कठड्यावर काही पडले आहे का ते पाहिल्यासारखे करते. ‘अगं बाई’ हे ती कोणाला उद्देशून म्हणत नाही. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती असे ती म्हणाली.

“मध्ये पडताना मोठ्याने बोलावे लागते काय?” मी एमसीबीला विचारले.

“नाही. एकदाच, आणि स्पष्ट.”

“लोक रागावतात?”

“दर वेळी. दिवा जातो, पंखा थांबतो, भाजी अर्धी कच्ची राहते. रागावणारच.”

“मग?”

“मग कोणीतरी येऊन वर करते. का पडलो ते न पाहता. आपण या वर्षात मला एक्केचाळीस वेळा वर केलेत.”

मी खुर्चीत सरळ बसलो. “त्याबद्दल मी दिलगीर आहे,” मी म्हणालो.

“आपल्याला ठाऊक नव्हते.”

“एक्केचाळीस वेळा आपण काय केलेत?”

“पुन्हा मध्ये पडलो. दुसरे काही करता येत नाही या पदावर.”

शुक्रवारी दिगंबर यांनी नवी तार ओढली. भिंतीला चर न मारता केसिंगच्या पट्टीतून ती त्यांनी इतकी सरळ नेली की मी मोजपट्टी लावून पाहिली. वीस अँपिअरचा नवा इसम सहाच्या शेजारी बसला. तो अबोल आहे. एसी चालू झाला आणि तासाभरात खोली सव्वीस अंशांवर आली. प्रमिलेने दारातून आत हात घालून पाहिला, “बरंय की,” म्हणाली आणि शेवग्याच्या शेंगा सोलायला गेली. खोली दिवसभर गार राहिली. तीत कोणी नव्हते.

शनिवारी मी पदभार स्वीकारला. रविवारी साडेअकरा वाजता माझी मोठी बहीण वेणूताई मूर्तिजापूरहून आली. रिक्षावाल्याने दोन मोठी पातेली उंबऱ्यावर ठेवली. त्यांत तीन दिवस भिजलेला दहा किलो गहू होता. कुरडयांचे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : भिजलेला गहू तिसऱ्या दिवशी वाटावाच लागतो. वाटून गाळायचा, चीक रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे तो चुलीवर घोटायचा आणि उन्हात सोऱ्याने घालायचा. चौथ्या दिवशी गहू आंबतो आणि टाकून द्यावा लागतो. बाहेर चव्वेचाळीस अंश होते.

“प्रमिले, यंदा गहू पाह्य कसा टपोरा हाय,” वेणूताई म्हणाली. ती चौऱ्याहत्तरीत आहे, असे तीच गेली सात वर्षे सांगते. “लवकर हात लाव, वाटून घेऊ. उद्या चीक घोटला की परवा मी मोकळी.”

“ठेवा तिथं वन्सं. मी घेते आत,” प्रमिला म्हणाली.

ती वाकली. तिने पातेल्याच्या कडा धरल्या आणि उचलण्यापूर्वी एकदा पातेल्याकडे पाहिले.

“बस,” मी म्हणालो.

माझा आवाज बोळात पुष्कळ मोठा वाटला. दोघींनी माझ्याकडे पाहिले.

“काय हवंय?” प्रमिला म्हणाली. “चहा?”

“नाही. वाळवण यंदा होणार नाही. तू आत खोलीत जा.”

“अहो, गहू भिजलाय. नासेल तो.”

“नासू दे.”

वेणूताईने पदर खोचला. “त्र्यंबक, तू काहून बायकांच्या कामात? कवापासून?”

“कालपासून. समितीचा ठराव आहे.”

मी ठराव दिला. वेणूताईने तो हातभर लांब धरून संपूर्ण वाचला. दरम्यान प्रमिलेने पातेले पुन्हा उचलले.

“बस,” मी म्हणालो.

“तुम्ही मध्ये पडू नका हो,” ती म्हणाली. आता ती रागावली होती. “चव्वेचाळीस वर्षं नाही पडलात ते बरं होतं. पाच घरांची माणसं वाट पाहतात. काय सांगू त्यांना? सहा अँपिअर म्हणून सांगू? झेपतंय मला.”

ती दोन पावले चालली. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. “बस,” मी म्हणालो. तिने मला कोपराने बाजूला केले. मी परत तिथेच आलो. माझ्या आत खरोखर काहीतरी तापले होते आणि वाकले होते. बरगडीच्या डाव्या बाजूस, दोन बोटे आत.

“बस, प्रमिला.”

पातेले तिने खाली ठेवले. ठेवले म्हणण्यापेक्षा ते तिच्या हातांतून खाली गेले, पण सांडले नाही. ती पाटावर बसली आणि कोणाकडेही न पाहता म्हणाली, “गेल्या वर्षी गच्चीच्या पाचव्या फेरीलाच डोळ्यापुढं काळं आलं होतं. त्याच्यापुढं मी नऊ फेऱ्या केल्या.”

“मला सांगितले नाहीस.”

“तुम्ही वाचत होतात.”

मी पेल्यात पाणी आणून दिले. ते ती सावकाश प्यायली.

भार टाकून देता येत नसेल तर वाटून द्यावा, एका तारेवर सगळा ठेवू नये, हे जुळणी समितीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे. मी दूरध्वनी केले. वेणूताईचे दोन्ही मुलगे आणि माझा धाकटा भाऊ याच शहरात राहतात. प्रत्येकाला मी सांगितले की आपल्या वाट्याचा दोन किलो गहू एका तासात घेऊन जावा आणि चीक आपापल्या घरी घोटावा. माझ्या भावाने विचारले की वहिनी आजारी आहे काय. मी म्हणालो, “नाही. मी मध्ये पडलो आहे.” तो म्हणाला, “डबा घेऊन येतो.” तिघेही आले. वेणूताईच्या थोरल्या सुनेने जाताना मला नमस्कार केला; तो कशासाठी होता हे मी विचारले नाही. वेणूताईच्या स्वतःच्या वाट्याचे दोन किलोही त्या सुनेच्याच घरी गेले.

आमच्या वाट्याचे दोन किलो मी स्वतः मिक्सरमधून वाटले. मिक्सर फिरत असताना सहा अँपिअरचा एमसीबी एकदाही मध्ये पडला नाही. मिक्सरची तार वेगळी आहे, हे मला नंतर कळले. वाटण कसे झाले याविषयी घरात दोन मते आहेत.

वेणूताई एवढा वेळ बोळातल्या खुर्चीवर ठराव मांडीवर घेऊन बसली होती. तिचे यजमान जाऊन अकरा वर्षे झाली.

“त्र्यंबक,” ती म्हणाली, “आमच्याकडे असं कोन हाय रे?”

मी पुस्तिका काढली. एका एमसीबीखाली दोन तारा जोडू नयेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते मी तिला वाचून दाखवले नाही. मूर्तिजापूरला समिती आहे काय याची चौकशी करतो, असे मी म्हणालो आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत तिने इथेच राहावे, असेही म्हणालो.

“इथं राहून करू काय? कामाची सवय हाय मले.”

“आत जाऊन आडवी हो.”

“भर दुपारी? लोक काय म्हनतील?”

“बस,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. लहानपणी मी विहिरीच्या काठावर गेलो की ती अशीच पाहत असे, तेव्हा बहुधा माझ्या जागी ती होती. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि प्रमिलेच्या मागोमाग खोलीत गेली. दार मी ओढून घेतले. एसीची घरघर सुरू झाली.

बाहेर खुर्ची टाकून मी बसलो. दीड वाजता शेजारच्या बाई लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण विचारायला आल्या. त्यांना मी पाच वाजता यावे असे सांगितले. दोन वाजता ज्योत्स्नेचा दूरध्वनी आला. “आईला द्या ना,” ती म्हणाली. “ती झोपली आहे,” मी म्हणालो. “दुपारी?” ती म्हणाली आणि मग तिचा आवाज थोडा बदलला, “बरं, राहू द्या बाबा. उठवू नका.”

तीनच्या सुमारास आतून आवाज आला. दोघी जाग्या होत्या. काय बोलत होत्या ते कळत नव्हते, फक्त अधूनमधून ‘बत्तीस’ हा शब्द येई आणि मग दोघी हसत. प्रमिलेचे ते हसणे मी पूर्वी ऐकले होते, पण कधी ते आठवेना. पुष्कळ जुने असावे. वेणूताईला ठसका लागला, तिला पाणी दिल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा हसणे सुरू झाले.

दाराखालच्या फटीतून गार हवा बाहेर येत होती. मी खुर्ची थोडी पुढे ओढली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय तिथे ठेवले.